सातांतलं तिसरं नाव

उमसुनायने बाही पुन्हा मनगटापर्यंत ओढून घेतली. "नको म्हणते ना, एजे. मला टोचून घ्यायचं नाही."

गावची सुईण दामिरा, सगळ्यांची एजे म्हणजे ताई, चार घरं पायी करून आली होती. तिने सुई डब्यात परत ठेवली.

"सहावा सरत आला तुला. ना रक्त, ना लघवी, ना सोनोग्राफी. मागच्या खेपेला तर मला लांबून बघितलंस आणि गोठ्यात जाऊन बसलीस. अगं, बोटभर काढायचंय, बादलीभर नाही. लोकर कातरताना मेंढीसुद्धा इतके नखरे करत नाही!"

अंगणात सासू सालकिन कातड्यावर लोकर पसरून दोन काठ्यांनी झोडपत होती. तिने मान वर केली नाही. "नको म्हणते तर राहू दे की. आमच्या वेळी कुठं होत्या सुया? गवत कापता कापता बाळंत व्हायच्या बायका."

"व्हायच्या, आपा. आणि मरायच्याही." दामिराने वही उघडली. "हिचं आज द्या. कुबातलाही पाठवा दवाखान्यात. नवरा-बायकोचं रक्त जुळतं का, तेही बघायचंय."

सालकिनच्या हातातल्या काठ्या थांबल्या. "कुबातचं कशाला?"

आवाज इतका चढला की दारातल्या कोंबड्या पांगल्या. आजवर सुनेची बाजू न घेणारी सासू आज सुनेच्या पुढे दोन पावलं होती. उमसुनायला मात्र त्याचं नवल वाटलं नाही. तिला काही ऐकूच येत नव्हतं. कानात एकच शब्द घुमत होता. जुळतं का. जुळतं का.

डोंगरावरचा बर्फ वितळत होता तेव्हा तिची आत्या गेली. जाण्याआधी तिने उमसुनायला जवळ ओढलं आणि कानात सांगितलं, "तुझा बाप आमच्या रक्ताचा नव्हे गं. आमच्या आईला मुलगा नव्हता. बायतेमीरच्या नातवांतला एक तिच्या ओटीत घातला होता." आत्याने डोळे मिटले, आणि उमसुनायचे उघडले ते मिटेचनात.

कारण बायतेमीर तिला ठाऊक होता. नवऱ्याच्या सात पिढ्यांची नावं तिने पाठ केली होती, पाळण्याशी म्हणायला म्हणून त्यांना चालही लावली होती. कुबातचा बाप सुयुनबाय, सुयुनबायचा इसाक, इसाकचा बायतेमीर... सातांतलं तिसरं. आणि सात पिढ्यांच्या आत लग्न म्हणजे भावाशी लग्न. कळलं तर गावच्या पांढऱ्या दाढ्या एकत्र बसणार, तिला माहेरच्या वाटेला लावणार, आणि पोटातल्याला कुणाचंच नाव मिळणार नाही.

तेव्हापासून बाळ हललं की तिला आधी धसका भरायचा, आनंद मागून यायचा, तोही चोरपावलांनी.

"बरं," दामिराने एक कागद तिच्यापुढे सरकवला. "मग इथं सही कर. समजावून सांगूनही मी स्वतःहून नकार देते, असं लिहिलंय. उद्या बाळाला काही झालं तर माझ्याकडे बघायचं नाही."

उमसुनायने कागद पोटाशी टेकवून पेन घेतलं. बाळाने आतून एक लाथ मारली, अशी की कागदच हलला. तिचं पेन तिथंच थांबलं.

"जुळेल म्हणूनच नको, एजे!" ती हुंदक्यात म्हणाली, आणि मग आत्या, बाप, बायतेमीर, सगळं एका दमात बाहेर पडलं.

दामिराने कपाळावर हात मारला. "अगं वेडे, रक्तात नावं नसतात. गट असतो नुसता. शहरातल्या यंत्राला काय कळतंय तुझा पणजोबा कोण ते!"

"यंत्राला नसेना का कळत. मला तर कळलंय ना."

कोंबड्या परत येऊन दाणे टिपू लागल्या. सालकिन उठली. गुडघ्यांना चिकटलेली लोकर तिने झटकली नाही. सुनेसमोर येऊन ती जमिनीवर बसली आणि तिची बाही स्वतःच्या हाताने कोपरावर सारली.

"काढ, दामिरा. कुबातचंही काढ. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून तुझ्यासमोर तीस वर्षं मी शिंकलेसुद्धा नाही. आता सांग सगळ्या गावाला. आज जेवताना त्याला मीच सांगणार आहे."

"काय सांगणार, आपा?" उमसुनायने विचारलं.

"कुबात नऊ दिवसांचा होता. खिंडीपलीकडच्या एका बाईने तो माझ्या पदरात घातला. ना आमच्या जातकुळीचा, ना तुमच्या. ती नावं त्याला शिकवली मी, दिली नाहीत. दवाखान्यात कुणी त्याचं रक्त मागितलं की मला वाटायचं, आता यांना दिसणार." म्हातारीचा हात सुनेच्या पोटावर गेला आणि तिथंच राहिला. "आपल्यामागे बायतेमीरचं रक्त या घरात संपणार, म्हणून माझा नवरा मरेपर्यंत झुरला. तुम्ही जुळत नाही गं पोरी. ते रक्त या घरात परत आलंय, आणि ते तू आणलंयस."