पाचवी डिस्क

दवाखान्याच्या सर्व्हरमध्ये दुरुस्तीला आलेल्या बाईंनी डिस्क सांभाळणारं नवं कंट्रोलर कार्ड बसवलं, चार डिस्क खटाखट आत सरकवल्या. आता चौघींची मोट बांधून एक ॲरे, म्हणजे एकच मोठी साठवण, करायची, की काम संपलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. तिथे पाच डिस्क दिसत होत्या.

पाचवा कप्पा रिकामाच होता. बाईंनी आत हात घालून चाचपलं. बोटांना फक्त धूळ लागली.

"असू द्या ना ताई," शेजारी उभे असलेले कारकून म्हणाले. "एक जास्तच आहे, कमी तर नाही!"

"वीस वर्षं हेच करतेय मी. जी मी लावली नाही, ती माझ्या यादीत राहणार नाही."

त्यांनी एकेकीचा दिवा लुकलुकवून चारही डिस्क उपसून बाहेर काढल्या. स्क्रीनवर एकच उरली. पाचवी, ठणठणीत चालू.

"मला घाबरवतेस होय?" बाईंनी बाह्या सरसावल्या.

भलतीच डिस्क उपटली जाऊ नये, म्हणून काढण्याआधी तिचा दिवा लुकलुकवून बघायचा, हा त्यांचा कधीही न मोडलेला शिरस्ता. त्यांनी पाचवीला तसा हुकूम सोडला.

सर्व्हरवर एकही दिवा पेटला नाही. कारकून मात्र दोन पावलं मागे सरले. "ताई... तुमच्या..."

बाईंनी खाली पाहिलं. शर्टाखाली, डाव्या बरगडीआड, हिरवा उजेड लुकलुकत होता.

कारकून दाराकडे धावले. बाई जागच्या हलल्या नाहीत. डाव्या हाताने त्यांनी तो उजेड घट्ट दाबून धरला आणि उजव्या हाताचं बोट स्क्रीनवरच्या 'काढा'च्या बटणावर टेकवलं.

"बघूच आता, आधी कोण विझतं," त्या म्हणाल्या, आणि बटण दाबलं.