स्वहस्ते

नवरा गेला, आणि तो जिथे तीस वर्षं राबला त्या कारखान्याच्या मालकांचं सांत्वनपत्र आलं. निळी शाई, तिरकी अक्षरं, ओळी जरा वाकड्या. जणू डोळे पुसत लिहिलेलं. मी चष्मा लावला. प्रत्येक 'वाय'ची शेपटी हुबेहूब एकसारखी! आमच्या छपाईच्या दुकानात हाच फॉन्ट आम्ही पोरांच्या वाढदिवसाच्या आमंत्रणांना वापरतो.

सांत्वनाला आभाराचं कार्ड हाताने लिहायची आमच्या ओहायोत रीत आहे. शेजारणींना बावीस कार्डं मी दुखऱ्या बोटांनी लिहिली.

रविवारी चर्चच्या दारात मालकांनी माझा हात हातात घेतला. "लोर्ना, पत्र मिळालं ना? मुद्दाम स्वतः लिहायला बसलो होतो."

"मिळालं की, मिस्टर हॅलोरन! आभाराचं कार्डही टाकलंय. तुमच्याच हस्ताक्षरात."