बाजाररस्त्याची नवी पाटी

शहरातल्या मुख्य बाजाररस्त्याला क्रॅडॉकचं नाव होतं. अ‍ॅडलेडहून आलेल्या या गोऱ्या फौजदाराने डॉरीनच्या आदिवासी आजोबांना गोळी घातली होती. ते नाव पुसून थोरल्या बहिणीचं नाव लागावं म्हणून डॉरीन नगरपालिकेत खेटे घालायची. थोरलीनेच भांडून तिथल्या दुकानांची दारं काळ्या माणसांना उघडायला लावली होती.

"जिवंत माणसाचं नाव रस्त्याला देत नाहीत, मावशी," कारकून म्हणायचा.

"आणि आमच्यात मेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, बाबा. म्हणून तर आत्ता मागतेय."

थोरली गेली. महिन्याभरात तिच्या नावाची पाटी लागली.

डॉरीन बसमध्ये चढली. ड्रायव्हरने विचारलं, "कुठे सोडू, मावशी?"

 

"क्रॅडॉक स्ट्रीटला," डॉरीन म्हणाली.