लांबची वाट

सकाळचे ऊन पशुवैद्यक महाविद्यालयाच्या उंच खिडकीतून रेंगाळत उतरले, फरशीवर पसरले, टेबलाच्या पायावरून हळूहळू चढले आणि मेलेल्या उंटाच्या उघड्या मानेवर येऊन थांबले. तासाची उजळणी करत निशिकांतने चिमट्याने दोऱ्याएवढी नस उचलली.

"ही मेंदूचा संदेश स्वरयंत्राला पोचवणारी नस. घशाजवळून खाली उतरते, हृदयापाशी वळसा घेते आणि पुन्हा घशाशी येते. आपले पूर्वज मासे होते तेव्हा ही वाट सरळ होती. पुढे मान लांबली, वळसा राहिला."

त्याची सहकारी सुनेत्रा हसली. आज तिचा इथला शेवटचा दिवस होता, परवा साखरपुडा.

"म्हणजे उंटाचंही तुझ्यासारखंच! गेल्या वर्षी याच टेबलाशी मी विचारलं, लग्न करशील का माझ्याशी? तू म्हणालास, सांगतो."

"माझं उत्तर लांबच्या वाटेनं येत होतं."

"उंट ओरडतो तरी रे, वेड्या!" ॲप्रन खुंटीला अडकवून ती निघून गेली.

तो त्या नसेकडे पाहत राहिला. एवढा वळसा पार करायला संदेशाला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही, हे तो दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवत असे.

गेल्या वर्षी तो फक्त घाबरला होता.