सुरुचीसॉरस

फाटा नव्हताच. भेग होती.

परळच्या हॉस्पिटलात पेशंट नसलेली वेळ साधून तो जबडा स्कॅनच्या मशीनमध्ये ठेवला होता, आणि जुई पडद्याकडे बघत होती. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शिकारी डायनोसॉरचा जबडा. त्यातून शीर जाण्याच्या वाटेला पुढे फाटा फुटतो, तसा दुसऱ्या कुठल्याच शिकारी डायनोसॉरला नाही, म्हणून याचं कूळच वेगळं, असं मनमोहन सर सांगत आले होते. परदेशातले अभ्यासक म्हणत, वेगळं काही नाही, जुन्याच प्राण्याचं तुम्ही नवं बारसं केलंय. वाद वर्षानुवर्षं चिघळला. सरांनी जबड्याला कुणाला हात लावू दिला नाही. आणि गेल्या आठवड्यात स्वतःच तो बायकोच्या जुन्या साडीत गुंडाळून जुईला दिला. त्यांची सगळ्यात काटेकोर विद्यार्थिनी ती.

"तोंड का पाडलंस?" मशीनवरचा विनीत म्हणाला. शाळेपासूनचा मित्र. "क्लिअर तर आलंय सगळं."

क्लिअरच होतं. प्राणी जुन्या कुळातला, जुन्याच नावाचा. अशा वेळी आधीचं नाव राहतं, नंतरचं पुसलं जातं, असा शास्त्राचा नियम आहे. नंतरचं नाव होतं सुरुचीसॉरस. सुरुची ही सरांची एकुलती एक मुलगी. नववीत असताना तापाने गेली.

शास्त्राला असले नियम करताना काही वाटत नाही. जुईला वाटलं. दादरला सरांच्या घरी पोचेपर्यंत तिचं ठरलं होतं.

सरांच्या बायकोने, सुनंदाबाईंनी दार उघडलं. पाणी विचारायचंही त्यांना सुचलं नाही. "राहिलं ना गं तिचं नाव?"

"राहिलं, काकू. फाटाच आहे. सरांचं बरोबर होतं."

सुनंदाबाई डोळे पुसत देवापुढे साखर ठेवायला आत गेल्या. सर खुर्चीतून हलले नाहीत. आनंद झेपला नसेल, असं जुईला वाटलं.

"जबडा साफ करताना एकदा एक कपचा निघाला होता," ते हळूच म्हणाले. "ती भेग मी तेव्हाच बघितली."

"मग मला कशाला दिलात, सर?"

आत देवघरात घंटा वाजली. सर तिकडेच बघत राहिले.

"तिला अग्नी मीच दिला होता गं," ते म्हणाले. "हे तरी दुसऱ्या कुणाच्या हातून व्हावं, एवढंच वाटत होतं."