फुटलेल्या खुणा

"हे बघ. चेंडू अजून हललासुद्धा नाही आणि हा गडी डावीकडे निघालाय."

लेम्युएल गॅदर्सनं चित्रफीत पुन्हा मागे नेली. सलग तिसरा पराभव, आणि तिन्ही वेळा हेच. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या त्याच्या कॉलेजच्या पोरांनी चाल खेळायच्या आतच समोरचा संघ आडवा येऊन उभा असायचा.

"योगायोग असेल, कोच," पर्व्हिस म्हणाला.

"तीन वेळा?"

पर्व्हिस टॉलिव्हर अकरा वर्षं त्याचा सहायक होता. मैदानाच्या कडेला उभा राहून लेम्युएल हातांच्या खुणा करी आणि त्यावरून पोरं चाल ओळखत. प्रत्येक पोराला आपल्यापुरत्या खुणा माहीत. संघात सगळ्या माहीत होत्या त्या एकट्या पर्व्हिसला.

"परवा मार्बरीच्या कोचबरोबर जेवत होतास म्हणे."

"साडू आहे तो माझा! साडवाकडे जेवायला तुमची परवानगी काढू?"

"शनिवारी येऊ नकोस. घरी बस."

पर्व्हिसनं संघाची टोपी काढून टेबलावर ठेवली. दारापाशी जाऊन तो वळला. "बाप्तिस्म्याच्या वेळी माझी लेक देवापुढे तुमच्या हातात दिली होती मी, कोच." एवढंच बोलून तो गेला.

लेम्युएलनं कानशील दाबून धरलं. आत काहीतरी ठोके देत होतं.

शनिवारी मार्बरीशी शेवटचा सामना होता. कॉलेजच्या अध्यक्षबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, हरलात तर सोमवारी आम्ही दुसरा माणूस बघू. नऊ वर्षं व्यावसायिक संघातून खेळून, गुडघे आणि मान मोडून घेऊन तो इथं आला होता. त्याला सतरा वर्षं झाली. या खेळाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि ते त्याला ठाऊक होतं.

संध्याकाळी तो आईकडे गेला. सगळे तिला मदर अर्झेल म्हणत; चर्चमधल्या स्वागतसेविकांची ती प्रमुख. पाद्रीबाबांचं प्रवचन बोलता बोलता गाण्यावर चढलं, ऑर्गन त्यांच्या मागे धावू लागला, की कुणाला जागा द्यायची, कुणाला पंखा, कुणाला धरून बसवायचं, हे सगळं ती हाताच्या खुणांनी चालवी. ओठ हलत नसत. चाळीस वर्षं तेच. लेम्युएलच्या मैदानातल्या खुणा तिच्याकडूनच आल्या होत्या.

"आई, सगळ्या नव्या खुणा हव्यात."

"गोळी घेतलीस?"

"घेतली."

"खोटं बोललास की तुझा कान हलतो. पाळण्यात होतास तेव्हापासून."

त्यानं हसून खिशातली गोळी काढली आणि गिळली. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन दाखवला होता. इतकी वर्षं टकरा खाऊन आतली रक्तवाहिनी फुगलीय. हा आरडाओरडा, हा ताण थांबवा. पुढच्या हंगामाची खात्री मी देत नाही, म्हणाले. हे त्यानं आईशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं.

"सोड ना रे हे," ती भेंडी परतता परतता म्हणाली. "चर्चमधल्या पोरांना गायला शिकव. आवाज आहे तुला."

"मला मैदानातून चौघांनी उचलून नेलं, की समज सोडलं."

भेंडी तळाला लागली तसा तिनं गॅस बंद केला.

"रविवारचं प्रवचन ऐकलंस?"

ते कोण विसरेल? बाळाचा जीव वाचावा म्हणून त्याला टोपलीत घालून नदीत सोडणाऱ्या आईचं प्रवचन. पाद्रीबाबा म्हणत होते, तिनं ढकललं, स्वतःच्या हातांनी ढकललं! दर ओळीला सूर चढत होता. सगळं चर्च उभं राहिलं होतं आणि लेम्युएल लहान पोरासारखा रडला होता.

"ऐकलं."

"बरं. दाखव तुला काय हवंय ते."

दोघांनी टेबलाशी बसून एकेक खूण ठरवली. "कोपर वर," ती म्हणायची. "शेवटच्या बाकावरच्यालाही दिसलं पाहिजे."

शनिवारी सामन्याच्या तासभर आधी त्यानं खोलीला आतून कडी घातली, पोरांचे फोन पिशवीत गोळा केले आणि मगच नव्या खुणा शिकवल्या. "आज कुणाच्या बापाला कळणार नाहीत," तो म्हणाला. पोरं ओरडली.

पोरं जिवावर उदार होऊन खेळली. शेवटच्या मिनिटाला संघ चार गुणांनी मागे होता, चेंडू घेऊन ओलांडायची रेघ पाच पावलांवर होती आणि एकच चाल उरली होती. लेम्युएलच्या कानशिलातले ठोके आता डोळ्यांत उतरले होते. त्यानं हात उचलून खूण केली.

चेंडू हलायच्या आधीच मार्बरीचे सगळे गडी उजवीकडे सरकले.

त्यानंतर काय झालं ते बघायला त्यानं मान वर केलीच नाही. अध्यक्षबाई मैदानात आल्या, त्यांनी त्याचा हात हातात घेतला. "सोमवारी किल्ल्या आणून द्या, कोच. वाईट वाटतंय मला."

आई गाडीत बसून होती. तो शेजारी बसला, पण किल्ली फिरवेना.

"पर्व्हिस घरी होता," तो म्हणाला. "फोन माझ्या पिशवीत. मग कोण, आई? कोण माझ्या जिवावर उठलंय?"

"काढलं ना तुला? नक्की?"

"काढलं. सोमवारी किल्ल्या द्यायच्या."

"देवा, तुझे उपकार," ती म्हणाली आणि महिन्याभरात पहिल्यांदा मान मागे टेकून तिनं डोळे मिटले. "पर्व्हिसकडे जा, बाळा. त्याची माफी माग. चारही कोचना फोन मीच केले होते."