भाकरीतली साखर

दामोदरला इंदूरच्या डॉक्टरी शाळेत प्रवेश मिळेपर्यंत साखरेचा कणही तोंडात जाऊ देणार नाही, असं आत्यानं नेमावरला पाण्यात उभं राहून नर्मदेला सांगितलं होतं. आता परीक्षा पुन्हा तोंडावर आली होती. आत्या जेवत होती आणि दामोदर चुलीपुढे येरझारा घालत उजळणी करत होता.

"भाकरी चावली की लाळेनं तोंडातच तिची साखर होऊ लागते."

आत्याचा हात थांबला. "भाकरीची?"

"बिलकुल. नीट चावून बघ, गोड लागेल."

आत्यानं डोळे मिटून घास बराच वेळ चावला. मग ती पोट धरून हसत सुटली.

"आणि मी मेली तुझ्या मास्तरांना शिव्या घालत होते. तुला दोनदा नापास केलं ते माझ्या दातांनी."